गैरहजर सूर

नोव्हेंबर लागला, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तीन गोष्टी एकदम सुरू होतात. शेतात कापसाची वेचणी भरात येते. तुळशीचे लग्न लागताच लग्नसराई सुरू होऊन बँडवाल्यांना उसंत उरत नाही. आणि चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम बसते. संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया हिचा सण २२ नोव्हेंबरला, म्हणजे नेमका ह्याच धांदलीत येतो. रोममध्ये कापूस पिकत नसल्यामुळे सणांचे पंचांग ठरवणाऱ्यांना ही अडचण ठाऊक नसावी.

दिवसभर बोंडे वेचून बोटांच्या टोकांना चरे पडलेली बाई संध्याकाळी येऊन आपला सूर धरून उभी राहते, तेव्हा तिच्याकडून आपण किती मागावे हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. तो नैतिक प्रश्न होतो. दरवर्षी कोणीतरी तो विचारतोच. “सगळ्यांना येणारी चार गाणी आहेत, ती भक्तिभावाने म्हणू या. एवढे अवघड कशाला बसवायचे? ऐकणाऱ्यांना तरी फरक कळतो का?” असे विचारणारे बहुधा आळशी नसतात, ते थकलेले असतात. आळशाच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करता येते, थकलेल्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

आम्ही ह्या जिल्ह्यातील एका लहान धर्मग्रामाच्या गायन-वाद्यवृंदात बरीच वर्षे आहोत. पेटी, तबला, की-बोर्ड, एक क्लॅरिनेट, एक ट्रम्पेट, एक मोठा ढोल आणि सोळा-सतरा गळे, एवढाच आमचा संसार. यवतमाळ जिल्हा अमरावती धर्मप्रांतात मोडतो. १९५५ साली नागपूरपासून वेगळा झालेला हा धर्मप्रांत विस्ताराने मोठा, पण श्रद्धावंतांच्या संख्येने लहान. वसईसारखी गावेच्या गावे कॅथॉलिक, असे इथे नाही. कोणी मूळचे इथले, कोणी वणीकडच्या कोळसा खाणींत नोकरीनिमित्त आलेले, कोणी शिक्षक, कोणी परिचारिका. एकाच्या घरात मराठी, दुसऱ्याच्या घरात मल्याळम, तिसऱ्याच्या घरात कोकणी. अशा पांगलेल्या मूठभर मंडळींनी अवघड संगीत हाती घ्यावे काय? आणि घेतले, तर ज्याला ते जमत नाही त्याचे काय करावे? ह्या दोन प्रश्नांपैकी दुसरा अधिक जड आहे, पण पहिल्याचा निकाल लावल्यावाचून त्याच्याकडे वळता येत नाही.

पहिल्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या ओठांवर तयार असते : देव अंतःकरण पाहतो, सूर पाहत नाही. हे खरे आहे, म्हणूनच ते जपून वापरावे. घरी पाहुणे येणार असले, की ‘प्रेम महत्त्वाचे’ असे म्हणून कोणी करपलेली भाकरी वाढत नाही. जुन्या करारात, पहिल्या इतिहासाच्या २५ व्या अध्यायात दाविदाने प्रभूच्या मंदिरासाठी नेमलेल्या गायक-वादकांची मोजदाद आहे. ते २८८ होते, आणि ते सारे आपल्या कामात तरबेज होते असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. लगेच पुढच्या वचनात सांगितले आहे, की सेवेच्या पाळ्या ठरवताना त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या, आणि त्यात लहान-मोठा किंवा गुरू-शिष्य असा भेद केला नाही. ह्या दोन वचनांचा शेजार आम्हांला फार मोलाचा वाटतो. कौशल्य हवेच, पण मंदिरातील मान कौशल्याच्या मापाने वाटायचा नाही. आमच्या बहुतेक भांडणांचे मूळ ह्यांपैकी एकच वचन लक्षात ठेवण्यात असते.

संत ऑगस्टीनला ह्या प्रकरणात वेगळीच भीती वाटत होती. ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात तो सांगतो, की गाण्यातील अर्थापेक्षा गाणाऱ्याच्या आवाजानेच आपण अधिक हेलावलो, तर ते आपल्याला पापासारखे वाटते, आणि तरीही ज्या स्तोत्रांनी आपल्याला श्रद्धेच्या उंबरठ्यावर रडवले, ती चर्चमधून काढून टाका असे म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. संत थॉमस अक्वायनसने ह्याच प्रश्नाचा विचार अधिक शांतपणे केला. ‘सुम्मा’त तो म्हणतो, की काय गायले जात आहे हे ऐकणाऱ्यांना कधीकधी कळले नाही, तरी ते कशासाठी गायले जात आहे हे त्यांना कळते. (त्याच ठिकाणी त्याने चर्चमधील वाद्यांविषयी नापसंती दाखवली आहे. आमची पेटी, ढोल आणि क्लॅरिनेट पाहून त्याने काय म्हटले असते, ह्याचा विचार न केलेलाच बरा.) “ऐकणाऱ्यांना फरक कळतो का?” ह्या प्रश्नाला थॉमसचे उत्तर आम्हांला पुरेसे वाटते. आल्टोची ओळ किती बिकट आहे, हे मागच्या बाकावरच्या आजीला कळत नाही. आपल्यासाठी कोणी तरी कष्ट घेतले आहेत, हे मात्र तिला अचूक कळते.

पण हे सारे ऐकणाऱ्यांच्या बाजूने झाले. गाणाऱ्यांच्या बाजूने काय घडते, ते सांगण्यासाठी एका विशिष्ट रचनेविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल. ती रचना म्हणजे हँडेलच्या ‘मसाया’ ह्या ऑरेटोरिओतील ‘हालेलुया’चे समूहगान. आपल्याकडे ते नाताळात गाण्याची प्रथा पडली आहे. मूळ कृतीत ते दुसऱ्या भागाच्या शेवटी, ख्रिस्ताचे दुःखसहन आणि पुनरुत्थान होऊन गेल्यावर येते. म्हणजे खरे तर ते ईस्टरचे गाणे. हँडेल लुथरपंथी होता, ह्याबद्दल आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली होती. पुढे त्यांनीच बासची ओळ सर्वांआधी पाठ केली.

हँडेलने ‘मसाया’ १७४१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अवघ्या २४ दिवसांत लिहिला. त्याच वर्षी तो डब्लिनला जायला निघाला, तेव्हा प्रतिकूल वाऱ्यामुळे त्याला चेस्टर गावी थांबावे लागले. वेळ फुकट घालवण्यापेक्षा रचना गाऊन पाहावी म्हणून त्याने गावातली गाणारी माणसे गोळा केली. त्यांत कॅथीड्रलमध्ये बास गाणारा एक मुद्रक होता. आपल्याला कागदावर पाहून गाता येते, असे त्याने सांगितले होते. पण तालमीत तो पुन्हा पुन्हा अडखळला. हँडेलचा पारा चढला आणि तो त्याच्यावर चार-पाच भाषांतून खेकसला. त्यावर मुद्रकाने शांतपणे सांगितले, की पाहून गाता येते हे खरेच आहे, पण पहिल्याच पाहण्यात नव्हे. ही हकीकत चार्ल्स बर्नी ह्या संगीत-इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. तो त्या वेळी चेस्टरमध्ये शाळकरी मुलगा होता. जगभरच्या लहान गावांतील गायनवृंदांचा कोणी प्रतिनिधी निवडायचा झाला, तर आम्ही आमचे मत ह्या मुद्रकाला देऊ.

डब्लिनमध्येही सारे सुरळीत नव्हते. सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचे डीन जोनाथन स्विफ्ट, म्हणजे ‘गलिव्हर’चे लेखक, ह्यांनी आपल्या गायकांना त्या कार्यक्रमात जाण्यास आधी मनाई केली होती. अखेर १३ एप्रिल १७४२ रोजी, पवित्र आठवड्यातील मंगळवारी दुपारी, ‘मसाया’चा पहिला प्रयोग झाला. गर्दी मावावी म्हणून स्त्रियांनी घेरदार साटे न घालता आणि पुरुषांनी तलवारी न लावता यावे, अशी विनंती करण्यात आली होती. जमलेला पैसा तीन कामांसाठी वाटला गेला : दोन रुग्णालये, आणि कर्ज फेडता न आल्यामुळे तुरुंगात पडलेले कैदी. त्या पैशातून १४२ कर्जदारांची सुटका झाली.

कर्जदारांची. हा तपशील आम्ही प्रथम वाचला तेव्हा पुस्तक काही काळ मिटून ठेवले. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला कर्ज ह्या शब्दावरून सहज पुढे जाता येत नाही. त्याविषयी पुढे लिहू.

हे संगीत परके आहे, असा आक्षेप येतो. त्याला आम्ही फार वेळ देत नाही. गोव्याच्या चर्चमध्ये सोळाव्या शतकापासून पाश्चात्य संगीत शिकवले जात आले. गावोगावच्या चर्चच्या शाळांतून मेस्त म्हणून ओळखले जाणारे शिक्षक मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवीत, आणि त्याच मुलांतून फेस्ताचा वाद्यवृंद उभा राही. मुंबईच्या बँडांत आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोमंतकीयांनी जे नाव मिळवले, त्याचा पाया ह्या शाळांत होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्याच परंपरेतले. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ सालच्या चित्रपटातील ते प्रसिद्ध नाव ह्या गुरूचेच होते. त्यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भारतीय रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. तेव्हा परके काय आणि आपले काय, ह्याची सीमा दिसते तितकी सरळ नाही. शिवाय अवघडपणा काही फक्त पाच ओळींच्या कागदावरच असतो असे नव्हे. एखादे स्तोत्र रूपक तालात बसवून पाहावे; सात मात्रांचा ताल, आणि त्याची समच खालीची. दादरा-केरव्यावर वाढलेल्या आमच्या मंडळींना तो अंगवळणी पडायला एक अख्खा प्रायश्चित्तकाळ लागला होता.

दमलेल्या माणसाने रात्री संगीताला बसणे, हेदेखील आमच्या मातीला नवे नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी वऱ्हाडात घरोघर पोहोचली ती कोणत्या रिकामटेकड्यांमुळे नव्हे. दिवसभर औत धरलेले हातच रात्री टाळ आणि खंजिरी धरत होते. आमच्या शेजारच्या गावांतील भजनी मंडळांना कोणी “एवढे कशाला?” असे विचारत नाही. मग आपणच आपल्याला ते का विचारावे?

आता तालमीविषयी. ‘हालेलुया’ चार आवाजांत आहे. मूळ पट्टी पांढरी दोन. पेटीला त्याचे काही विशेष नाही. क्लॅरिनेटवर मात्र तीच ओळ एक स्वर वर, चार शार्पांच्या पट्टीत वाजवावी लागते. आमचा क्लॅरिनेटवाला ख्रिस्ती नाही. तो लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो आणि स्नेहापोटी आमच्याकडे येतो. कागद त्याला वाचता येत नाही, म्हणून आम्ही त्याला ती ओळ तुकड्या-तुकड्याने गाऊन दाखवतो, आणि तो ती कायमची लक्षात ठेवतो. सर्वांत बिकट भाग मध्यावर आहे. ख्रिस्त सदासर्वकाळ राज्य करील, ह्या अर्थाच्या शब्दांवर आधी बास एकटे उठतात, मग टेनर, मग आल्टो, शेवटी सोप्रानो. प्रत्येकजण तेच वाक्य म्हणतो, पण वेगळ्या वेळी आणि वेगळ्या उंचीवर. शेजारी आपल्यापेक्षा निराळे काही म्हणत असताना आपले सोडायचे नाही आणि त्याचे ऐकणेही थांबवायचे नाही, हे शिकण्यास आमच्या मंडळींना तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात सगळे सोप्रानोच्या मागे धावतात, कारण ती ओळ ओळखीची असते. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकजण कानांवर हात ठेवून आपलेच ओरडतो. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी, बहुधा साडेआठच्या सुमारास, ते जुळते. कुटुंबात, पंचायतीत आणि धर्मग्रामाच्या सभेत हाच क्रम असतो, पण तिथे तिसरा आठवडा क्वचित येतो.

ह्या कामात आम्हांला एक गोष्ट कळली, आणि ती आम्ही आधी कुठे वाचलेली नव्हती. सोप्या गाण्यात गैरहजेरी ऐकू येत नाही. सर्वांना पाठ असलेले, एका सुरात म्हणायचे गाणे चाळीसजण म्हणोत की अडतीस, काही बिघडत नाही. न आलेल्या दोघांची आठवण कोणाला होत नाही, आणि आपण नसल्याने काही अडले नाही हे त्या दोघांनाही कळते. चार आवाजांच्या गाण्यात तसे होत नाही. आमचे टेनर तीनच. त्यांतला एक आला नाही, की त्या ठिकाणी खड्डा पडतो. मग सगळे थांबतात आणि विचारतात, “आज ते का आले नाहीत?” मिस्साला कोणी आला नाही, तर हे विचारायला दोन-तीन रविवार जातात. तालमीत तो प्रश्न पहिल्या पंधरा मिनिटांत विचारला जातो, तोही प्रेमापोटी नव्हे, केवळ गरजेपोटी. एखाद्याची इतकी निकड भासणे, हे प्रेमाहून लहान आहे असे आम्हांला आता वाटेनासे झाले आहे. डोळा हाताला ‘तुझी गरज नाही’ असे म्हणू शकत नाही, असे संत पौल करिंथकरांना लिहितो. चांगल्या मनाच्या माणसांच्या सभेत हे वाक्य सर्वांना पटते. टेनरची ओळ रिकामी पडली, म्हणजे ते ऐकू येते.

ह्या जिल्ह्यात माणसे गैरहजर होतात. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे ह्यांच्या संपूर्ण कुटुंबाचा पवनारजवळ झालेला अंत हा महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांचा पहिला मोठा हुंकार मानला जातो. ती तारीख होती १९ मार्च १९८६. २०१७ पासून त्या दिवशी अनेक ठिकाणी लोक अन्नत्याग करतात. आपल्या पंचांगात १९ मार्च हा संत जोसेफचा सण आहे, आणि संत जोसेफ कष्टकऱ्यांचा व सुखाच्या मरणाचा आश्रयदाता. हे दोन दिवस एकमेकांवर का आले, ह्याचा अर्थ लावण्याचे धाडस आम्ही करीत नाही. त्या दिवशीच्या मिस्सात दोन्ही आठवणी असाव्यात, एवढेच म्हणतो. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. कर्ज, भाव, पाणी, विमा ह्या गोष्टी गाण्याने सुटत नाहीत. त्या सुटाव्यात म्हणून लढणाऱ्यांची जागा गायनवृंदाने घेऊ नये. डब्लिनच्या गायकांनी १४२ माणसे सोडवली, पण ती आलापांनी नव्हे. तिकिटांच्या पैशांनी सोडवली. नाताळच्या कार्यक्रमात आपण झोळी फिरवतो ती नव्या पडद्यांसाठी असते की गावातल्या एखाद्या घराच्या देण्यासाठी, हा प्रश्न अवघड संगीत बसवणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हरकत नाही.

पण पैशाच्या अलीकडे एक पायरी असते. माणूस खचत जातो, तेव्हा तो आधी चार ठिकाणी येईनासा होतो. पारावर येत नाही, लग्नकार्याला येत नाही, बोलावले तर ‘बरे नाही’ म्हणतो. आणि चार ठिकाणी तो आला नाही हे कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण त्या चार ठिकाणी त्याच्यावाचून काही अडत नसते. ज्याच्यावाचून अडते असे एक तरी ठिकाण प्रत्येकाला असावे. आमच्यासारख्यांच्या हातात असलेले असे ठिकाण गुरुवारची तालीम आहे. म्हणून ती तालीम सोपी करावी, ह्या सूचनेला आम्ही राजी होत नाही.

आता तो जड प्रश्न. ज्याला जमत नाही, त्याचे काय?

आमच्यात एक गृहस्थ आहेत, त्यांचा सूर लागत नाही. थोडा कमी-जास्त लागतो असेही नाही, लागतच नाही. येतात मात्र सर्वांच्या आधी, आणि बाके तेच लावतात. अशा माणसाबाबत तीन मार्ग सुचवले जातात. पहिला, त्यांना हळूच वगळावे. दुसरा, सोपेच गाणे घ्यावे. तिसरा मार्ग अतिशय प्रचलित आहे : त्यांना सांगावे, की उभे राहा, ओठ हलवा, पण आवाज काढू नका. ह्या तिसऱ्याइतका वाईट मार्ग दुसरा नाही. देवाच्या वेदीसमोर एका माणसाला दोन तास खोटे उभे करण्यापेक्षा शंभर कणसूर बरे. पहिल्या मार्गात क्रूरपणा आहे. पण तो निदान उघड आहे. दुसरा मार्ग दयेचा दिसतो. पण त्यात एका माणसाच्या उणिवेचे ओझे त्याच्याच डोक्यावर सर्वांदेखत ठेवले जाते. ‘तुमच्यामुळे आम्ही सोपे घेतले’ हे कोणी बोलत नाही, म्हणून ते ऐकू येत नाही असे थोडेच?

आमचे मत असे आहे, की प्रथम त्या माणसाला खरे सांगावे, आणि सांगणाऱ्याने ते एकांतात सांगावे. त्यानंतर त्याच्यासाठी जागा शोधणे, हे काम त्याचे नव्हे, इतरांचे. हँडेलने ट्रम्पेटबरोबर नगारेही लिहिले आहेत; ते आम्ही मोठ्या ढोलावर वाजवतो. त्या गृहस्थांना आम्ही ढोल दिला. ढोल वाजवणे सोपे, पण न वाजवण्याच्या जागा मोजणे फार कठीण. आणि बाके मोजून लावणाऱ्या ह्या माणसाला मोजणे उत्तम येते. गाण्याच्या अगदी शेवटी, अखेरच्या ‘हालेलुया’पूर्वी, सगळे आवाज एकदम थांबतात. तेवढी एक शांतता आहे. जगभर ह्याच जागी कोणी ना कोणी उत्साहाने आधीच ओरडतो, आणि सबंध गाणे हशावारी जाते. आमच्याकडे त्या जागी सगळे ढोलाकडे पाहतात. त्यांचा हात वर थांबलेला असतो.

पण सर्वांना ढोल देता येत नाही, हेही लिहिले पाहिजे. एका मुलीचा आवाज एकटीने डळमळतो. तिला दोन पक्क्या आवाजांमध्ये उभे केले. दुसऱ्या एका बाईंसाठी आम्हांला काहीच सापडले नाही, आणि त्यांनी दोन वर्षांनी येणे सोडले. त्यांना घरून ने-आण करणाऱ्या मुलाची बदली झाली होती, हे एक कारण. ते एकच कारण होते असे आम्ही म्हणणार नाही. हौसेने आलेल्या माणसाला एखाद्या रचनेत कोठेच जागा करता येत नसेल, तर त्या वर्षी ती रचना आपली नव्हे, असे त्यानंतर आम्ही मानू लागलो. दुसरी रचना घ्यावी. सोपीच घ्यावी असे नव्हे, जागा असलेली घ्यावी. अवघड आणि जागा असलेली रचना शोधण्यास वेळ लागतो. तो वेळ गायनवृंदाच्या प्रमुखाने उन्हाळ्यात काढावा. वेचणीच्या दिवसांत तो लोकांकडून मागू नये.

चांगले गाणाऱ्यांची अडचण वेगळी असते. त्यांना वाटते, की आपण मागे ओढले जात आहोत. त्यांचे म्हणणे खोटे नसते, पण त्यांना २८८ जणांच्या चिठ्ठ्यांची गोष्ट पुन्हा सांगावी लागते. ह्याहून अधिक शब्द त्यांच्यावर खर्च करण्याची गरज नाही. त्यांना टाळ्या मिळतातच.

हल्ली एक चौथा मार्ग निघाला आहे. मोबाईलवर कोणतीही रचना उत्तम वाद्यवृंदासह मिळते; ती स्पीकरवर लावावी, वर चार गळे जोडावेत, काम झाले. अगदी स्वच्छ सूर, तालमीची दगदग नाही, आणि कोणी आले नाही तरी अडत नाही. १९५८ च्या सप्टेंबरात रोमच्या विधिविषयक मंडळाने संगीतासंबंधी जे सूचनापत्र काढले, त्यात ग्रामोफोन, रेडिओ, टेप ह्यांसारखी यंत्रे उपासनाविधीत वाजवण्यास सक्त मनाई केली होती. जिवंत माणसाने केलेल्या कृतीची जागा यंत्राला देता येत नाही, अशी त्यामागील धारणा दिसते. त्या काळी ती सूचना अनेकांना जुनाट वाटली असेल. ट्रॅकवर गायलेला एक नाताळ ऐकल्यावर आम्हांला ती फार दूरदृष्टीची वाटू लागली. त्या रात्री सूर निर्दोष होते. आमच्या एका टेनरला ताप होता, तो आला नाही, आणि ते आम्हांला दुसऱ्या दिवशी दुपारी कळले.

पुढच्या वर्षी पुन्हा पेटी आली. कापसाची ने-आण आणि लग्नाच्या वराती सांभाळून तालमीचा वार बदलत राहतो. बहुधा गुरुवार, कधी मंगळवार. त्याच वर्षी आम्ही एक नियमही केला. कोणी लागोपाठ दोन तालमींना आला नाही, तर त्याच्याच ओळीतल्या एकाने त्याच्या घरी जायचे. बासने बासकडे, आल्टोने आल्टोकडे. फोन चालत नाही, प्रत्यक्ष जायचे. बहुतेक वेळा निघते ते साधेच : ताप, आजारी गाय, मुलाची परीक्षा, रात्रीचे पाणी. एकदा ते साधे नव्हते, आणि ती हकीकत त्या घराची आहे. जाताना गाण्याची वही बरोबर न्यायची नाही, तालमीचा विषय त्यांनी काढला तरच बोलायचा, आणि चहा घेतल्याशिवाय उठायचे नाही, असेही ठरले आहे.